आम्ही गंगेच्या चढानं गेलो

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं हे मला चौथीतही नीट कळलं नाही, आणि चौथीनंतर शाळा सुटली. आखलेल्या वहीतसुद्धा माझी ओळ घसरत खाली जाते. ही वही मी माझ्यापुरती लिहिते आहे. तरी चुकून कुणाच्या हाती पडलीच तर त्यानं एवढं सांभाळून घ्यावं.

घरात चुका काढणारा माणूस होता. आमचे हे तेलंगणात, बेल्याकडच्या मराठी शाळांत मास्तर होते. किराण्याची यादी लिहून दिली तरी दुकानात जायच्या आधी लाल पेनानं माझी वेलांटी फिरवायचे. आता त्यांना अक्षर दिसत नाही. म्हणूनच मला लिहायची हिंमत झाली, असं मी म्हटलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "लिही. आता तुले कोनी नापास करत नाई."

त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. आधी आम्हाला समजलंच नाही. बाजूनं येणाऱ्या सायकलीला धडकायचे, ताटाशेजारचा गडू सांडायचे, आणि मी म्हणायची, वय झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजर कडेकडेनं खाल्ली जाते आहे. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून जितकी टिकेल तितकी टिकेल. परतताना एसटीत मी विचारलं, तुम्हाला दिसतं तरी कसं? त्यांनी माझा हात धरला, बोटं वळवून सैल मूठ केली आणि ती माझ्या डोळ्याला लावली. "यातून पाह," म्हणाले. मी पाहिलं. समोरच्या सीटवरच्या माणसाचा एक कान दिसला. माणूस दिसला नाही.

लग्न होऊन आले तेव्हा आमचं बिऱ्हाड शाळेच्या मागच्या खोलीत होतं. भिंत एकच. मी भाकरी थापायची आणि पलीकडून यांचा आवाज यायचा. नकाशावर काठी टेकवायचे आणि हिमालयातून गंगा खाली आणायचे. पोरं एका सुरात ओरडायची, "गोमती, घाघरा, सोन, गंडक, कोसी!" कोणती नदी आधी मिळते, कोणती नंतर. वर्षं बदलली, पोरं बदलली, गावंही बदलली, पण नद्या त्याच क्रमानं यायच्या. माझी शाळा नद्या शिकायच्या आधीच सुटली होती. या पाच नद्या मी तव्यासमोर बसून शिकले.

आणि यांनी स्वतः गंगा कधी पाहिली नव्हती. आमची नदी पैनगंगा. तीही उन्हाळ्यात पायी ओलांडता येते.

नागपूरहून येऊन बरेच दिवस झाले. मग एक दिवस जेवताना एवढंच म्हणाले, "एवढी वर्षं शिकवली, पन पाह्यली नाई." पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी पोरीला फोनवर सांगितलं. ती हैदराबादला ऑफिसात आहे. तिनं चार दिवसांनी फोन केला की गंगेवर एक लहान जहाज चालतं. त्यात राहायला खोली, जेवण, सगळं. काशीहून पाटण्याला जातं, तिथं माणसं उतरवतं, नवी घेतं आणि पाटण्याहून काशीला परत येतं. आपण एकीकडूनच जायचं. दुसरीकडचा प्रवास रेल्वेनं.

पैशाचा भाग थोडक्यात सांगते. यांची शिल्लक डोळ्यांवर गेली होती. आमच्या गावात बायांचा संघम आहे, महिन्याला थोडं थोडं भरायचं आणि गरजेला अप्पू, म्हणजे कर्ज, उचलायचं. मी इतकी वर्षं भरत आले, उचललं कधीच नाही, कारण उचलायला तोंडानं मागावं लागतं. मी चारचौघांत बोलत नाही. दुकानातही बोट दाखवते. त्या दिवशी मात्र मागितलं. माझ्या मोठ्या जाऊबाई शेजारीच राहतात, त्याही संघमात आहेत. त्यांनी सगळ्यांसमोर कपाळाला हात लावला.

"माय वं! हिले वाचा फुटली. कायले पायजे तुले एवढे पैसे?"

"गंगेवर जायचं आहे."

"आपल्याले काशीशी काय करायचं हाय वं?"

"सारनाथ तिथूनच जवळ आहे," मी म्हटलं.

बुद्धांनी पहिल्यांदा जिथं शिकवलं ती जागा. जाऊबाई एकदम नरमल्या. "मंग माह्यासाठी तिथली चिमूटभर माती आनजो," म्हणाल्या, आणि पहिला हात त्यांनीच वर केला.

पोरीनं मग विचारलं, "आई, काशीहून पाटण्याला जायचं की पाटण्याहून काशीला? पैसे सारखेच आहेत. खाली लवकर पोचतं, वर येताना पाणी समोरून येतं म्हणून हळू चालतं, एक दिवस जास्त लागतो." मी फोन यांच्याकडे दिला. यांनी परत माझ्याकडे दिला.

"पैसे तू उचलले. कोनीकडून जायचं ते तूच सांग."

मी आजपर्यंत काही ठरवलं नव्हतं. पोरीला शाळा कोणती, पंखा कोणत्या कंपनीचा, काहीच नाही. साडी घ्यायला गेले तरी दुकानदार जी पुढं करेल ती घेऊन यायची. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

त्या दिवसांत वेचणी सुरू होती आणि मी वावरात जात होते. कापूस वेचणाऱ्या बाईला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. सकाळी सूर्याला पाठ देऊन तास, म्हणजे झाडांची ओळ, धरायचा. ऊन समोर असलं की कापसाचा पांढरा आणि उन्हाचा पांढरा एकच होतो, आणि बोंडं झाडावर राहून जातात. दुसरी गोष्ट, लांबच्या धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, सुरुवात करायची. मग पोटावरची ओटी जशी भरत जाते तशी आपण गाडीच्या जवळ येतो, भरलेलं ओझं घेऊन उलटं चालावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तासात वाकलेली असतानाच मला सगळं लख्ख दिसलं. पाटणा लांबचा धुरा. काशी आपल्या बाजूची. पाटण्याहून निघालं की जहाज मावळतीकडे चालणार, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर. यांच्या डोळ्यांवर ऊन आलं की त्यांना नुसतं धुकं दिसतं. शेवटी सारनाथ, माती घ्यायची आणि घरी. शिवाय तेवढ्याच पैशात एक दिवस जास्त. मी ओटी गाठोड्यात रिकामी केली आणि पाणी प्यायच्या आधी पोरीला फोन लावला.

घरी येऊन यांना सांगितलं. कारणंही सांगितली, ओटीसकट. त्यांनी हातातला गडू चाचपत खाली ठेवला.

"बरं," म्हणाले.

जाऊबाईंनी तेवढ्यात गावभर केलं होतं. "मास्तरीन गंगेत कापूस वेचाले चालली," असं बाया म्हणायच्या आणि मी पदर तोंडाशी धरून पुढं व्हायची. पण खरं सांगते, मला आतून बरं वाटत होतं.

नागपूरहून रेल्वेनं आम्ही पाटण्याला गेलो. थंडी होती. धक्क्यावर पोचलो तेव्हा सकाळ व्हायची होती आणि पाण्यावर धुकं होतं. जहाज मला वाटलं त्यापेक्षा लहान होतं, पण आत गालिचा होता, चप्पल काढावी की नाही हे मला कळेना. मी काढली. मग सगळे घालूनच आहेत हे पाहून परत घातली. यांना खोलीत बसवलं आणि पोरीला फोन केला, पोचलो म्हणून.

"बाबा खूश आहेत ना?" ती म्हणाली.

"आहेत."

"आई, आता बसलातच म्हणून सांगते. त्यांना काशीहून खाली यायचं होतं. नकाशावर काठी तशीच फिरवायचे ना ते, वरून खाली. मला म्हणाले, तुझ्या आईनं पहिल्यांदा काहीतरी ठरवलंय, तिला बोलायचं नाही."

जहाज सुटलं होतं. खिडकीतून धक्का मागं जाताना दिसत होता. मी फोन ठेवला आणि यांच्यासमोर उभी राहिले.

"काऊन नाई सांगितलं?"

त्यांना लगेच समजलं. "सांगितलं असतं तं तू बदललं असतं."

"मंग बदललं असतं! तुमच्यासाठीच तं चाललो आपण."

"अवं, उलटं तं उलटं. नदी तं तीच हाय."

मला रडू आलं नाही, राग आला. स्वतःचा की त्यांचा, तेव्हा ठरवता आलं नाही. मी त्यांना हाताला धरून पुढच्या गच्चीवर नेलं. तिथं खुर्च्या मांडल्या होत्या. नाष्ट्याला आलेली माणसं बसली होती, काही परदेशी, काही बंगालकडची. ऊन पाठीवर होतं, तेवढा माझा हिशेब बरोबर निघाला. धुकं विरळ झालं आणि दोन्ही काठ दिसू लागले. वाळू, मधेच मोहरीचं पिवळं शेत, एक म्हैस, धुणं धुणाऱ्या बाया. मला सगळं दिसत होतं. हे समोर बघत बसले होते आणि समोर नुसतं पाणी होतं.

एवढ्यात कुणीतरी ओरडलं. डॉल्फिन! सगळे उठले, बोटं दाखवू लागले, डावीकडे, नाही नाही, तिकडे. यांनी मान फिरवली. पण मुठीतून पाहणाऱ्या माणसाला बोट सापडायलाच वेळ लागतो, मग बोटापुढची जागा. तोपर्यंत पाण्यावर काही नव्हतं. लोक हसत खाली बसले. हे अजून शोधत होते.

थोड्या वेळानं जहाजावरच्या माणसानं सांगितलं की मघाशी उजव्या हाताला गंडक येऊन मिळाली.

"गंडक गेली का?" यांनी विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

"छान हाय," ते म्हणाले. "मोकळी हवा हाय."

सारी नोकरी त्यांनी पोरांना गंडक पाठ करायला लावली आणि ती त्यांच्या उजव्या खांद्याजवळून निघून गेली होती. आमच्या वाटेत अजून तीन राहिल्या होत्या. त्याही अशाच जाणार होत्या. यांना परत इथं आणायला ना पैसा होता, ना नजर थांबणार होती. मी त्यांच्यासाठी चहा आणते म्हणून उठले आणि लोकांची नजर नाही असं पाहून डोळ्याला मूठ लावली.

बाजूच्या कठड्यापाशी उभं राहून पाहिलं. काठ सरकत होता. झाड मुठीत आलं की गेलं. माणूस आला की गेला. काय आहे हे कळायच्या आत दुसरंच यायचं. पुढं जाऊन पाहिलं, तर पाणीच. तशीच मूठ धरून चालत चालत जहाजाच्या पार मागं गेले. तिथं इंजिनाचा आवाज होता, दोरीवर ओल्या चादरी वाळत होत्या, आणि चादरी बाजूला केल्या तर मागं सगळी गंगा. मुठीत एक नाव आली आणि ती गेलीच नाही. लहान लहान होत तिथंच राहिली. दोन्ही काठ दूर दूर जात मुठीत मावू लागले. मघाशी जे मोहरीचं शेत कडेला होतं, ते आता समोर होतं. मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.

आता बोलणं आलं. जहाजाचा मॅनेजर पांढऱ्या कपड्यात होता, हिंदी बोलत होता. आमची हिंदी बाजारातली, व्यापाऱ्याशी बोलायची. मी मनात वाक्य जुळवलं, त्याच्यापर्यंत गेले आणि परत आले. परत गेले.

"साब, दो कुर्सी पीछे कू डालने का है."

"पीछे?" तो म्हणाला. "पीछे तो कुछ नहीं है माताजी. सब लोग आगे बैठते हैं."

"उनकू आँख का है," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. टेबलावरची माणसं बघू लागली होती. "आता सो नहीं दिखता. जाता सो दिखता."

त्याला काय समजलं मला माहीत नाही. पण त्यानं स्वतः दोन खुर्च्या उचलल्या, मागं नेऊन ठेवल्या आणि चादरी दुसरीकडे टाकायला सांगितलं.

मी यांना तिथं नेलं. बसताना ते म्हणाले, "कुठी आनलं वं, इंजिनाजवळ?" मी बाजूला बसले आणि त्यांना काही दाखवलं नाही, बोट केलं नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "नाव हाय का तिथं? दोघं जन बसले हायेत, एकानं लाल मफलर गुंडायला."

"हो."

"अन् काठावर देऊळ."

"हो."

फक्त एक झालं. सूर्य आता बरोबर आमच्या तोंडावर होता. मावळतीकडे जाणाऱ्या जहाजात उगवतीकडे तोंड करून बसलो होतो आम्ही. मी माझी शाल त्यांच्या कपाळावरून पुढं ओढली, टपरीच्या छपरासारखी, आणि हातानं धरून बसले.

"तुह्या कापसाचा हिशेब पार बुडाला," ते म्हणाले.

"दुपारून ऊन पाठीवर येते," मी म्हटलं. "तवर धरते."

मग त्यांनी आपणहून मास्तरकी सुरू केली. "आता घाघरा येईन पाह्य," म्हणाले. पण ती आली नाही, सोन आली. दक्षिणेकडून रुंद वाळूतून आली आणि मिळाली. आम्ही तिच्यावरून पुढं आलो तेव्हा दोन्ही नद्यांचं पाणी समोर पसरलं होतं, एक पिवळट, एक काळसर, आणि मधे एक रेघ. यांनी माझा हात घट्ट धरला.

"रेघ! अवं, रेघ दिसून राह्यली."

मी मूठ करून पाहिलं. दिसत होती. खडूनं ओढल्यासारखी, लांबपर्यंत.

"पन सोन आधी कशी?" ते स्वतःशीच म्हणाले. बोटं मोजू लागले. "गोमती, घाघरा, सोन... थांब. उलटं म्हनाचं हाय. कोसी, नाई, कोसी तं पाटन्याच्या खाली राह्यली. गंडक, सोन..." आणि हसायला लागले. "मले उलटं पाठच नाई वं! पोराईले छड्या मारल्या याच्यासाठी."

मी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण मला येत होतं. भिंतीपलीकडून ऐकलेलं. मी सावकाश म्हटलं, "गंडक, सोन, घाघरा, गोमती."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांना माझा चेहरा सापडायला वेळ लागला. सापडल्यावर मात्र बराच वेळ पाहत राहिले.

पाण्याकडे वळून मग म्हणाले, "पाह्य, जहाज चढानं चाललं, पन मी उतारानंच पाह्यतो. पानी माह्यापासून खाली जाऊन राह्यलं, काठी फिरवत होतो तसं." मला बरं वाटावं म्हणून ते बोलले असतील असं मला आधी वाटलं. पण ते हवेत बोट फिरवत होते, डावीकडून उजवीकडे, हळूहळू, नकाशावर फिरवायचे तसंच.

पुढचे दिवस आम्ही मागंच बसलो. जेवायला पुढं जायचं आणि परत यायचं. घाघरा संध्याकाळी पाहिली, ऊन पाठीवर असताना. तिसऱ्या दिवशी बंगालकडच्या माणसांतल्या एक बाईही खुर्ची घेऊन मागं आल्या. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळं मला त्यांच्यासोबत अजिबात लाज वाटली नाही. गोमतीच्या वेळी धुकं होतं. ती दिसली नाही. यांनी तिला माफी दिली. म्हणाले, "एक प्रश्न सोडला तरी पास होते मानूस."

काशीला उतरलो, सारनाथला गेलो. मी बागेच्या कडेची चिमूटभर माती रुमालाच्या टोकाला बांधली. परतताना रेल्वेत हे उलट्या बाजूच्या सीटवर बसायचं म्हणून हटून बसले, इंजिनाकडे पाठ करून.

त्यानंतर संघमचे पैसे फेडणं आलं. मी वेचणीला गेले, लोकांच्या गोधड्या शिवल्या, पोरगी देते म्हणाली तर नको म्हटलं. ते माझं होतं. त्या काळात यांची नजर मुठीएवढी होती ती बांगडीच्या भोकाएवढी झाली, मग सुईच्या नेढ्याएवढी, आणि आता त्यांना फक्त उजेड कळतो. मी गोधडी शिवायला बसले की ते शेजारी बसतात आणि म्हणतात, सोनपासून सांग. मी सांगते. लाल मफलर विसरले तर ते आठवण करून देतात.

परवा शेवटचा हप्ता होता. हे म्हणाले, मीपन येतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते संघमच्या छपराखाली आले आणि सगळ्या बाया सावरून बसल्या, कारण निम्म्यांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या आहेत. जाऊबाईंना मात्र कसला धरबंध.

"काय जी मास्तर, येवढे पैसे घालून तुमी म्हने जहाजात उलटे बसले!"

"हो वैनी. तुमच्या जावेनं बसवलं."

"अन् दिसलं काय?"

"गंडक सोडून सांगतो," ते म्हणाले आणि ताठ झाले. "सोन. घाघरा. अन् गोमती, धुक्यात."

चढाच्या क्रमानं म्हटलं, न अडखळता. मागच्या रांगेतली एक बाई सवयीनं त्यांच्यामागून म्हणू लागली आणि सगळ्या हसल्या. मी पदराची गाठ सोडली आणि नोटा संघमचा हिशेब ठेवणाऱ्या अक्कांसमोर ठेवल्या. अक्का तेलुगू बोलणाऱ्या, पण आमच्यात राहून मराठी झालेल्या. त्यांनी पैसे मोजले, परत मोजले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अयिपोयिंदी. फिटलं बाई, पूर्ण फिटलं."